न मोडलेले बेअरिंग बदलावे काय?



विहिरीवरचा पंप, घरातील पंखा किंवा दाराशी उभी असलेली दुचाकी मिस्त्रीकडे दुरुस्तीला दिली असता तो पुष्कळदा आपल्याला एक प्रश्न विचारतो. "मास्तर, हे खोललेच आहे, तर बेअरिंगही बदलून टाकू का? अजून चालते आहे, पण पुढचा भरवसा नाही." प्रश्न साधा असतो, पण उत्तर देताना आपण घुटमळतो. होय म्हणावे, तर चांगली वस्तू फेकून दिल्याची रुखरुख. नको म्हणावे, तर ऐन वेळी यंत्र मोडून पडण्याची धास्ती. आज आपण ह्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. मात्र मी उदाहरण घेणार आहे ते पंपाचे नव्हे, तर जर्मनीत तयार झालेल्या एका नामांकित स्पोर्ट्स कारचे. कारण ह्या प्रश्नाच्या साऱ्या बाजू त्या गाडीच्या एका लहानशा बेअरिंगात फार स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

हे उदाहरण माझ्याकडे कसे आले, ते आधी सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानांवर मोटारींची चित्रे काढल्याबद्दल त्याने माझी बोलणी खाल्लेली आहेत. पुढे काही वर्षांच्या बचतीतून त्याने पोर्शे कंपनीची २००२ सालची 'बॉक्स्टर' ही दोन आसनांची जुनी गाडी विकत घेतली. थोड्याच दिवसांत तिचा क्लच घसरू लागला. गॅरेजवाला म्हणाला, "क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. त्याच वेळी आतले एक बेअरिंगही बदलून घ्या. नाही तर एखाद्या दिवशी सारे इंजिन जाईल." ओळखीच्या दुसऱ्या एकाने सांगितले, "इतकी वर्षे चालले ते उद्याच कशाला मोडेल? उगाच पैसे घालवू नकोस." बिचारा गोंधळला, आणि त्याने मला विचारले, "सर, संभाव्यतेची गणिते तुम्हीच आम्हांला शिकवलीत. आता सांगा, बदलू की नको? हे इंजिन गेले तर दुसरे घालण्याची माझी ऐपत नाही."

मोटारींच्या विद्येत मी जाणकार नव्हे. तरीही विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न टाळणे कोणत्याही शिक्षकाला जड जाते. म्हणून मी त्या विषयात जमेल तेवढे वाचन केले, आणि त्यातून त्याला जे कळविले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम हे बेअरिंग कोठे असते आणि काय करते ते पाहू. पोर्शे कंपनीच्या ९११ ह्या प्रसिद्ध गाडीचे इंजिन अनेक दशके हवेने थंड होत असे. १९९६ साली कंपनीने 'बॉक्स्टर' ही नवी गाडी काढली आणि १९९७ साली ९११ ची '९९६' ह्या अंतर्गत क्रमांकाची नवी पिढी लोकांपुढे आणली. ह्या दोन्ही गाड्यांना पाण्याने थंड होणारे, सहा सिलिंडरांचे नवे इंजिन बसविलेले होते. त्यात तीन सिलिंडर एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला असे आडवे मांडलेले असतात. पिस्टन ज्या मुख्य दांड्याला फिरवितात तो क्रँकशाफ्ट; आणि पेट्रोलमिश्रित हवा आत घेणारे व जळका वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह जे दांडे उघडतात ते कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टची गती थेट कॅमशाफ्टला न देता ह्या इंजिनात मध्ये आणखी एक दांडा घातलेला आहे. त्याला 'इंटरमीडिएट शाफ्ट', म्हणजे मधला दांडा, असे म्हणतात. क्रँकशाफ्ट एका साखळीने ह्या मधल्या दांड्याला फिरवितो, आणि मधला दांडा आपल्या दोन टोकांवरून निघणाऱ्या साखळ्यांनी दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना फिरवितो.

ह्या मधल्या दांड्याचे एक टोक ऑइल पंपाच्या बाजूला टेकलेले असते. दुसरे टोक फ्लायव्हीलच्या बाजूला असते, आणि तेथे त्याला एका बॉल-बेअरिंगाचा आधार दिलेला आहे. तळहातावर सहज मावेल एवढी ही वस्तू! दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये फिरणारे छर्रे, एवढेच तिचे स्वरूप. परंतु ती खिळखिळी झाली की मधला दांडा डगमगतो. दांडा डगमगला की साखळी सैल पडते. साखळी दात सोडून सरकली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन ह्यांचे वेळापत्रक बिघडते. आणि मग वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. हे सारे काही क्षणांत घडते. शिवाय फुटलेल्या छर्ऱ्यांचा चुरा ऑइलबरोबर इंजिनभर पसरतो तो वेगळाच. म्हणजे एका क्षुल्लक भागाच्या मोडण्याने सारे इंजिन निकामी होते.

आता हे बेअरिंग मुळात बिघडते का? ते इंजिनाच्या पोटात, ऑइलच्या शेजारीच असूनही दोन्ही बाजूंनी झाकणे लावून बंद केलेले असते आणि आत कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. कल्पना अशी की आतले ग्रीस आत राहील आणि बाहेरचे ऑइल बाहेर. परंतु वर्षानुवर्षे तापून व निवून झाकणांची पकड ढिली होते. गरम ऑइल आत झिरपते, ग्रीस धुऊन काढते, आणि मग तेथेच अडकून पडते. इंजिनातील बाकीचे ऑइल आपण वेळोवेळी बदलतो. पण बेअरिंगात अडकलेले हे थोडेसे ऑइल तसेच राहून खराब होते. ज्या गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात, त्यांच्या इंजिनात ओल धरते आणि ती ऑइलात मिसळते. म्हणून जपून, झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा नियमाने चालविलेली गाडी ह्या बाबतीत बरी, असा अनुभव पुष्कळ मिस्त्री सांगतात. आपल्याकडे बैलगाडीच्या कण्याला वंगण नसले की काय होते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

सर्वच वर्षांच्या गाड्यांत हे बेअरिंग एकसारखे नाही, ही गोष्ट निर्णयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत छर्ऱ्यांच्या दोन ओळी असलेले बेअरिंग होते. २००० सालच्या सुमारास त्याच्या जागी एकाच ओळीचे लहान बेअरिंग आले आणि ते साधारण २००५ पर्यंत चालले. बदलाच्या त्या वर्षांत दोन्ही प्रकार सापडतात. गाडीत कोणता आहे, ते खोलल्यावरच निश्चित कळते. नंतर २००८ च्या मॉडेलपर्यंत अधिक मोठे व मजबूत बेअरिंग घालण्यात आले. ते मात्र इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय बाहेरच निघत नाही. शेवटी २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनातून मधला दांडाच काढून टाकण्यात आला. त्याच काळातील टर्बो आणि जीटी-३ ह्या गाड्यांना हान्स मेट्झगर ह्या प्रख्यात अभियंत्याच्या घडणीचे वेगळे इंजिन होते आणि त्यांना हा आजार नाही. तेव्हा नुसते 'जुनी पोर्शे' म्हणून भिण्यात अर्थ नाही. कोणती गाडी, कोणत्या वर्षाची, कोणत्या इंजिनाची, हे प्रथम विचारले पाहिजे.

मोडण्याचे प्रमाण किती? अमेरिकेत काही मालकांनी मिळून कंपनीवर खटला भरला होता आणि २०१३ साली त्यात तडजोड झाली. २००१ ते २००५ ह्या मॉडेलांच्या गाड्यांपैकी, वापरात आल्यापासून दहा वर्षांच्या आत आणि १,३०,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे २,०९,००० किलोमीटरांच्या आत ज्यांचे बेअरिंग मोडले, त्यांच्या मालकांना भरपाई देण्याची ही योजना होती. अर्थात ती मुदत केव्हाच संपली आहे. ह्या खटल्याच्या निमित्ताने जे आकडे सर्वतोमुखी झाले ते असे : एका ओळीच्या बेअरिंगात शंभरांमागे सुमारे ८, आणि दोन ओळींच्या बेअरिंगात शंभरांमागे १ किंवा त्याहूनही कमी.

शंभरात आठ! भिणारा मनुष्य म्हणेल, केवढे हे प्रमाण! निर्धास्त मनुष्य म्हणेल, ब्याण्णव तर सुखरूप राहिले ना? दोघांचेही म्हणणे खरे आहे. पण त्यावरून निर्णय होत नाही. त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. फळ्यावर लिहितो आहे असे समजा. नुसते बेअरिंग बदलण्यासाठी गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवून पुन्हा चढविण्याच्या मजुरीसह जो खर्च येतो, त्याला आपण १ भाग म्हणू. इंजिन मोडल्यास येणारा खर्च १० भाग धरू. हे आकडे केवळ सोयीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गॅरेजचे आकडे त्या जागी घालावेत.

एका ओळीचे बेअरिंग असलेले शंभर मालक घ्या. साऱ्यांनी बेअरिंग बदलले तर खर्च १०० भाग. कोणीच बदलले नाही तर आठ इंजिने मोडतील आणि खर्च ८० भाग होईल. म्हणजे केवळ भीतीपोटी, चांगल्या चालणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स मुद्दाम उतरवून बेअरिंग बदलणे हे शंभर जणांच्या एकत्रित हिशेबात तोट्याचे ठरते! पण क्लचसाठी गिअरबॉक्स उतरलेलाच असेल, तर मजुरीचा मोठा भाग वाचतो. मग बेअरिंगाचा वाढीव खर्च समजा ०.४ भागावर येतो. शंभर जणांचा खर्च ४० भाग. त्यात नवे बेअरिंगही शंभरात एखादे दगा देईल असे धरून १० भाग मिळवले तरी ५० भागच होतात, आणि ते ८० पेक्षा कमी आहेत. आता दोन ओळींच्या बेअरिंगाचा हिशेब पाहा. शंभरात एक मोडणार, म्हणजे न बदलल्यास खर्च १० भाग. आणि क्लचबरोबर बदलले तरी खर्च ४०. तेथे बेअरिंगाला हात न लावणेच शहाणपणाचे. गाडी तीच, मिस्त्री तोच; तरी तिन्ही ठिकाणी उत्तर एकच आले नाही.

ह्या हिशेबाला दोन पुरवण्या जोडल्या पाहिजेत. पहिली अशी की, आपण शंभर मालक नसतो, एकटे असतो. ज्याला मोठे नुकसान पेलवणार नाही त्याने थोडे अधिक खर्चून ते टाळले, तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही. विम्याचा हप्ता आपण ह्याच न्यायाने भरतो. मात्र जुन्या गाडीची बाजारातली किंमतच नव्या इंजिनाच्या खर्चाहून कमी असेल, तर नुकसान गाडीच्या किमतीपुरतेच धरावयाचे, हेही विसरू नये. दुसरी पुरवणी अशी की, शंभरात आठ हा आकडा गेलेल्या वर्षांचा आहे. ज्यांच्यात दोष होता त्या पुष्कळशा गाड्या आतापर्यंत मोडून गेल्या. ज्या उरल्या त्यांचा धोका नेमका तेवढाच असेल असे नाही. आणि दुसऱ्या बाजूला झाकणे तर दर वर्षी जुनी होतच आहेत.

येथे एक मूलभूत गोष्ट सांगितली पाहिजे. जुने काढून नवे बसवले की धोका कमी होतोच, असे आपण गृहीत धरतो. अनुभव तसा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांच्या देखभालीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन ह्यांना असे आढळले की, ठरावीक तासांनी होणारी तपासणी पार पडल्यावर लगेचच बिघाडांचे प्रमाण वाढते आणि पुढे हळूहळू उतरते. चांगले चाललेले यंत्र उघडताना कोठे तरी काही तरी बिघडत होते! पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्स ह्या विमान कंपनीतील नोलन आणि हीप ह्यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या विमानांच्या भागांपैकी केवळ ११ टक्के भाग वय वाढेल तसे झिजून धोक्याचे बनत. उरलेल्या ८९ टक्के भागांना 'इतके तास झाले, आता बदला' ह्या नियमाचा काहीच उपयोग नव्हता. उलट बहुसंख्य भागांत बिघाडाचा धोका नवे बसविल्यावर सुरुवातीलाच सर्वांत अधिक होता. म्हणून अकारण उघडण्याने आगीतून फुफाट्यात पडण्याचा संभव असतो.

मग ह्याचा अर्थ मुदतीवर काहीच बदलू नये असा घ्यावयाचा काय? मुळीच नाही. अनेक मोटारींत साखळीऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असतो. रबर वयाने कडक होते, तडकते. म्हणून कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत तो बदललाच पाहिजे. तेथे तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. आपले बेअरिंग ह्या दोहोंच्या मध्ये कोठे तरी बसते. ग्रीस धुऊन जाणे हे वयाचे काम आहे. पण अमुक किलोमीटरांनंतर ते मोडेल असे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

अशा वस्तूंसाठी उघडणे आणि दुर्लक्ष करणे ह्यांच्यामधला एक तिसरा मार्ग आहे, तो म्हणजे लक्ष ठेवणे. दर वेळी ऑइल बदलताना जुना ऑइल फिल्टर फेकून न देता त्याच्या आतील कागदाच्या घड्या उलगडून चांगल्या उजेडात पाहाव्यात. पोलादाचे चकचकीत कण दिसतात काय, ते लोहचुंबकाला चिकटतात काय, हे तपासावे. इंजिनाच्या मागच्या बाजूने काही खडखड ऐकू येते काय, फ्लायव्हीलच्या बाजूला ऑइल गळते काय, तेही पाहावे. ह्याला खर्च जवळजवळ नाही. आणि येथे एक इशारा द्यावासा वाटतो. फिल्टरमध्ये पोलादाचे कण सापडले, तर घाईने नवे बेअरिंग बसवून समाधान मानू नये. चुरा इंजिनभर फिरलेला असतो. नवे बेअरिंग आणि बाकीचे इंजिन दोन्हीही त्याने खराब होतील. अशा वेळी बेअरिंग बदलणे हा प्रतिबंध राहत नाही; तेथे इंजिन उघडून पुरी तपासणीच केली पाहिजे.

हे सारे जमेस धरून मी माझ्या विद्यार्थ्याला लिहिले, "प्रथम फिल्टर पाहा. तो स्वच्छ असेल आणि क्लच बदलावयाचाच असेल, तर गिअरबॉक्स उतरलेला असताना एका ओळीचे बेअरिंग बदलून घे. खोलल्यावर दोन ओळींचे निघाले, तर राहू दे. क्लच चांगला असता, तर मी तुला नुसता फिल्टर पाहत राहण्यास सांगितले असते. आणि काम करील तो मिस्त्री ह्या कामाचा सवयीचा आहे ना, ते विचार. दांडे जागच्या जागी अडकवून न ठेवता बेअरिंग ओढले, तर साखळी सरकून नसता घोटाळा व्हावयाचा. नवे बेअरिंगही कायमचे नसते. ते किती चालवून पुन्हा बदलावयाचे, हे बनविणाऱ्याकडून समजून घे आणि तारखेसह लिहून ठेव."

त्याने त्याप्रमाणे केले. फिल्टर स्वच्छ निघाला, बेअरिंग एका ओळीचे निघाले, आणि ते बदलण्यात आले. काही दिवसांनी त्याने मला त्या जुन्या बेअरिंगाचे छायाचित्र पाठविले. आतले ग्रीस संपून गेले होते आणि त्या जागी काळपट ऑइल होते. पण कड्या गुळगुळीत होत्या आणि छर्रे शाबूत होते. "सर," त्याने लिहिले, "हे अजून चालले असते. माझे पैसे वाया गेले काय?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला जे दिले तेच आपल्यालाही सांगतो. निर्णय घेताना आपल्याला जे माहीत असते त्यावरून निर्णयाची पारख करावयाची. नंतर जे उघडकीस आले त्यावरून नव्हे. छत्री नेली आणि पाऊस पडला नाही, म्हणून छत्री नेणे ही चूक ठरत नाही. मात्र उन्हाळ्यात रोज छत्री वाहून नेणारा मनुष्य शहाणाही ठरत नाही. तेव्हा पुढच्या वेळी मिस्त्रीने "बदलून टाकू का?" म्हणून विचारले, तर आपण त्याला उलट तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू वयाने झिजते, की कधीही अचानक मोडते? ती मोडली तर तिच्याबरोबर आणखी काय काय जाईल? आणि यंत्र ह्याच कामासाठी उघडावे लागणार आहे, की ते दुसऱ्या कामासाठी उघडलेलेच आहे? ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच बाजूला झुकली, तर मन घट्ट करून त्या बाजूने जावे. ती झुकली नाहीत, तर यंत्र चालू द्यावे, पण त्याच्याकडे कान आणि डोळे उघडे ठेवावेत.

माझ्या विद्यार्थ्याने ते जुने बेअरिंग टाकून दिलेले नाही. ते त्याच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवलेले आहे, आणि गाडी चालू आहे.